मधल्या चौकातली झाडं

गुडगाव,
९ फेब्रुवारी १९९७

चि. सूर्यकांत यास कुमुदताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र पोचलं. पाकिटात तिळगूळ कोंबायची तुझी खोड साठीला टेकलास तरी जात नाही. पाकिटाला मुंग्या लागल्या होत्या, आणि पोस्टमनने ते दोन बोटांत धरून मला हिंदीत उपदेश केला. तिळगूळ तरीही खाल्ला.

नवं घर म्हणशील तर छान आहे, म्हणजे सगळे तसं म्हणतात. समोर आणखी एक अकरा मजली इमारत चढते आहे. सकाळी सातला तिथलं यंत्र घरघरायला लागतं, ते थांबलं की वीज जाते आणि दोनशे जनरेटर सुरू होतात. जयंत आणि सूनबाई साडेआठला बाहेर पडतात. केतकी त्या काचेच्या परदेशी कंपनीत जाते, जिथे खिडकी उघडायची सोय नाही. मग मी बाल्कनीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बाल्कनीत. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, पण तिथे मी बसत होते. इथे बसवतच नाही.

आता कामाचं. अहिल्यालाही वाचून दाखवशील म्हणून पहिल्यापासून लिहिते. नव्वद साली आम्ही आर. के. पुरमच्या मराठी मंडळींनी सोहना रस्त्यावर एक एकर जमीन घेऊन किन्नूची बाग लावली. किन्नू म्हणजे तुमच्या संत्र्याचा पंजाबी चुलतभाऊ, साल घट्ट आणि बिया भरपूर. प्रत्येक सभासदाचं एक झाड, झाडावर नंबर आणि नावाची पत्र्याची पाटी. आमचं एक्केचाळीस नंबर, पाटीवर ह्यांचं नाव, श्यामकांत. निवृत्त झाल्यावर त्या झाडाखाली बसायचं म्हणून त्यांनी पहाडगंजहून घडीची खुर्ची आणली होती. झाड कमरेएवढं झालं आणि ते गेले. खुर्ची आहे. दर रविवारी मी ती बसमधून नेते आणि न उघडता परत आणते, कारण बागेत ती उघडायला जागा नाही. फांद्या एकमेकींत इतक्या घुसल्या आहेत की वाकून चालावं लागतं.

यंदा फळं लिंबाएवढी आली आणि काजळी फासल्यासारखी काळी. पानंही काळी. दोनदा फवारणी झाली, उपयोग शून्य. आमचे अध्यक्ष अण्णासाहेब, निवृत्त सहसचिव, म्हणतात की हा दिल्लीच्या मोटारींचा धूर आहे. त्यांना प्रत्येक गोष्ट बाहेरून आलेली लागते. तू सगळा जन्म संत्र्यात घालवलास, तेव्हा तू सांग.

तब्येतीला जप. माझ्या तिखट बोलण्याचा हिशेब न ठेवता माया होती तशीच असू दे.

तुझी,
कुमुदताई

•

वरूड,
१७ फेब्रुवारी १९९७

ती. कुमुदताईस, कृ. सा. न. वि. वि.

धूर नव्हे, कोळशी आहे. पानांच्या मागे बारीक माशी रस पिते, तिचा चिकटा पानाफळांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. औषध वाईट नसेल, ते आत पोचत नाही. झाडं एकमेकांना चिकटली की वरची पानं भिजतात आणि माशी आत मजेत राहते. ऊन नाही, वारा नाही, मग तिला दुसरं काय हवं?

मला भीती वेगळीच आहे. दाट बागेत जमीन वाळत नाही आणि खोड ओलं राहतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर बुंधे नीट बघ. मधासारखा डिंक पाझरताना दिसला तर तो डिंक्या. कोळशी फळं खाते, डिंक्या झाड खातो. खोडाभोवती त्याचा वेढा पूर्ण झाला की झाड संपलं.

एक विचारतो. तू तेव्हा कार्ड टाकून अंतर विचारलं होतंस, आणि वीस फूट चारी बाजूंनी, असं मी कळवलं होतं. वीस फुटांवर सहा वर्षांत फांद्या अशा गुंतत नाहीत. अंतर कोणी बदललं?

अहिल्या नमस्कार सांगते. ती म्हणते, खुर्ची बाल्कनीत उघडून बघा. ताईचा हात आमच्या डोक्यावर असाच राहो.

तुझा,
सूर्यकांत

•

गुडगाव,
२५ फेब्रुवारी १९९७

चि. सूर्यकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बुंधे बघ म्हणालास. बुंधे दिसतील तर बघू! आमच्या बागेत दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन असतं, कोणीतरी प्रमुख पाहुणे येतात, आणि आदल्या दिवशी माळी सगळ्या झाडांना खाली गेरू आणि वर चुना फासतो. जन्मभर सरकारी आवारात राहिलेल्या माणसांना रंगवल्याशिवाय झाड झाडासारखं दिसतच नाही. सहा वर्षांचे सहा थर. पाहुणे दरवर्षी शिस्तीचं कौतुक करून जातात. आणि हसू नकोस, दोन वर्षं गेरूचा रंग मी निवडला होता.

तेव्हा रविवारी घरून लोणी लावायची सुरी घेऊन गेले. केतकीच्या आहेराच्या संचातली होती, तिला अजून सांगितलेलं नाही. अण्णासाहेबांच्या एक नंबरपासून सुरुवात केली. चुना खरवडला आणि आतून डिंक ओघळला, चांगला करंगळीएवढा. साल हाताने सुटून आली. दोन नंबर, तसंच. चौथं, पाचवं, तसंच. माळी मागे उभा राहून म्हणत होता की मॅडम, साहेब रागावतील. मी म्हटलं की साहेबांचं झाड आधीच रागावलेलं आहे.

एक्केचाळीस खरवडायला मात्र हात होईना. पुढच्या रविवारी बघेन.

अंतराचं विचारलंस. नकाशा समितीने मंजूर केला होता. सभासद वाढले, म्हणून चार झाडांच्या चौकात मधोमध एक पाचवं झाड बसवलं. चौकांच्या कोपऱ्यांवरची, म्हणजे कडेची, एकशे आठ आणि मधली अठ्ठ्याऐंशी. तेव्हा सगळ्यांना ते पटलं होतं.

केतकी विचारते आहे की पाहुण्यांच्या संचातली एक सुरी कुठे गेली. उत्तर सुचव. राग-लोभ दोन्ही पोस्टाने पाठवत राहा, एकटा लोभ मला पचत नाही.

तुझी,
कुमुदताई

•

वरूड,
५ मार्च १९९७

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

मधल्या चौकात झाड लावतात, नाही असं नाही. पण ते पाहुणं असतं. कडेची झाडं मोठी होईपर्यंत एक-दोन बहार त्याचे घ्यायचे आणि सहाव्या वर्षी ते काढायचं. हे लावतानाच ठरलेलं असतं. तुमच्या समितीने मला विचारलं असतं तर एका कार्डात कळवलं असतं.

आता ऐक. पावसाळ्याआधी निम्मी झाडं काढावी लागतील. तोडून, मुळं उकरून, जाळायची. उरलेल्यांची साल खरवडून बोर्डो मलम लावायचं. ऊन जमिनीपर्यंत पोचलं की निम्मं औषध झालं. हे केलं नाहीत तर दोन पावसाळ्यांत सगळी बाग जाईल, औषधात न्हाऊन निघालात तरी. हे मी भीती घालायला लिहीत नाही.

कडेची काढली काय आणि मधली काढली काय, बागेला सारखंच. दोन्ही संच आपापसांत वीस-वीस फुटांवरच आहेत. ज्यात रोग कमी तो ठेवा. पाणी कसं देता तेही कळव. डिंक्या पाण्याच्या पावलांनी येतो.

सुरीबद्दल खरं सांगून टाक. आणि ताई, समिती म्हणजे कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

तुझ्या उत्तराची आणि मायेची वाट बघणारा,
सूर्यकांत

•

गुडगाव,
१४ मार्च १९९७

ती. सूर्यकांतमामांना केतकीचा सा. न. वि. वि.

मी तुम्हांला कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे घाबरू नका, सगळे ठीक आहेत. मराठी लिहायची सवय गेली आहे, चुका पोटात घाला.

आई गेले तीन आठवडे अजिबात स्वस्थ नाहीत. जेवताना उठतात, टीव्ही लावून गॅलरीत जातात. जयंत म्हणतो की बागेचं टेन्शन, हो जाएगा ठीक. मला तसं वाटलं नाही. काल गॅसचं कार्ड शोधताना त्यांच्या पेटीत एक ग्राफ पेपर मिळाला. पूर्ण बागेचा नकाशा आहे. निळ्या शाईचे ठिपके अगदी ओळीत, आणि प्रत्येक चौकात मध्ये लाल ठिपका. खाली आईंच्या अक्षरात ३ जून १९९० आणि सही. त्याला तुमचं जुनं पोस्टकार्ड टाचलेलं आहे, त्यात वीस फूट या शब्दांखाली कोणीतरी पेनने दोनदा रेघ मारली आहे.

लाल ठिपके कोणाचे तेही मी जयंतकडून काढून घेतलं. निळे सगळे ऑफिसर लोक. लिस्ट भरल्यावर आईंच्या सेक्शनमधले दफ्तरी, गुणवंतकाका, फॉर्म घेऊन आले, तर अण्णासाहेब म्हणाले की जागा नाही. मग आई एका संध्याकाळी ग्राफ पेपर घेऊन बसल्या आणि जागा काढली. स्टेनो, क्लार्क, ड्रायव्हर, सगळ्यांना. पप्पा तेव्हा म्हणाले होते म्हणे, की सूर्यकांतला एकदा विचार. आईंनी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल अशी त्यांना भीती होती.

मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका, नाहीतर माझं काही खरं नाही. सुरी मीच मुद्दाम विचारते आहे. भांडल्या की त्यांना जरा बरं वाटतं.

तुम्हां दोघांचा आशीर्वाद असू द्या.

आपली,
केतकी

•

गुडगाव,
१६ मार्च १९९७

चि. सूर्यकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी अण्णासाहेबांना वाचून दाखवलं, आणि ती माझी चूक झाली. त्यांनी त्यातला एकच शब्द उचलला, पाहुणं. फोनवर मला म्हणाले की कुमुदताई, तुमच्या बंधूंनी प्रश्नच सोडवला, मधली झाडं मुळात तात्पुरतीच होती. मी म्हटलं की हे सभासदांना कधी सांगितलं होतं? तर म्हणाले की शास्त्राला सांगावं लागत नाही. ३० तारखेला पहाडगंजच्या मराठी शाळेत सभा बोलावली आहे. ठराव तयार आहे, मधली अठ्ठ्याऐंशी झाडं काढणे. मी त्यांच्या ऑफिसात त्यांचे ठराव बत्तीस वर्षं टाइप होताना पाहिले आहेत. निर्णय आधी आणि कारणं मागाहून.

मला इतका संताप आला की फोन ठेवून मी चौथ्या मजल्यावरून खाली आणि परत वर, अशी दोनदा चालले.

तू बुंधे बघ म्हणालास, ते काम तेव्हापासून चालू होतं, ते आज संपलं. तीन रविवार आणि मधला एक बुधवार. एकशे शहाण्णव बुंधे खरवडले. मैत्रीण विजया वही धरून मागे होती आणि दर दहा झाडांनंतर कंबरेचं दुखणं सांगत होती. ऐक. कडेच्या एकशे आठांपैकी एकाहत्तरांना डिंक आहे. मधल्या अठ्ठ्याऐंशींपैकी एकोणिसांना.

मी माळ्याला खोदून विचारलं. त्याने सरळ सांगितलं. साहेब लोक येतात आणि ज्याचं झाड तो म्हणतो की आमच्या झाडाला पाणी जास्त दे. तो आळं काठोकाठ भरतो, खोड पाण्यात उभं. मधल्यांचे मालक तसं म्हणायला लाजतात, म्हणून त्यांना राहिलेलं पाणी. सूर्या, सहा वर्षं आम्ही आमची झाडं लाडाने मारत होतो, आणि ज्यांना कोणी विचारलं नाही ती जगली.

आता एक्केचाळीस. त्याचा बुंधा स्वच्छ आहे. खोडाला पाणी लागू देऊ नये असं तू कधीतरी लिहिलं होतंस, तेवढं एक मी ऐकलं होतं. आज ते फुलावर आहे. वास कुंपणाबाहेर येतो. विजया म्हणाली की चला, श्यामकांतरावांचं झाड तरी वाचलं. पण कडेचा संच काढायचा म्हटला तर ते कडेचं आहे.

आम्ही कॉन्व्हेंटमध्ये असताना दर शुक्रवारी ख्रिश्चन मुली रांगेने कबुलीजबाबाला जायच्या आणि आम्ही बाहेर पायरीवर बसायचो. तेव्हा मला त्यांची दया यायची. हे आज का आठवलं कोण जाणे.

तू काहीतरी लिही. फार समजूतदार लिहू नकोस. माझ्यावर रुसलास तरी चालेल, दूर होऊ नकोस.

कुमुदताई

•

वरूड,
२२ मार्च १९९७

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

आकडे बघून मी उठून उभा राहिलो. अशी मोजणी आमच्या शेतकी खात्यातही कोणी करत नाही. कडेची काढा. यात शास्त्राला शंका नाही.

तुला एक सांगतो, जे अहिल्यालाही अर्धंच माहीत आहे. अठ्ठ्याहत्तर साली बाबांच्या बागेत मधल्या चौकांत मी झाडं घातली. सहाव्या वर्षी काढायची होती. काढायला गेलो तर सगळी फुलावर. म्हटलं, हा बहार जाऊ दे. मग पुढचा. असे तीन बहार गेले आणि बाबांची चाळीस झाडं घेऊन गेले. बाबांना मी पाणी कमी पडलं असं सांगितलं. ते बाजेवर पडून विहिरीबद्दल विचारत राहायचे आणि मी विहिरीबद्दलच उत्तरं द्यायचो. ते गेले तोपर्यंत मी खरं बोललो नाही. अजून त्या तुकड्याकडे मी संध्याकाळी फिरकत नाही.

म्हणून एवढंच. तू मला जे दोन पत्रांत सांगितलं नाहीस, ते मला सांगू नकोस. जिथे सांगायचं तिथे सांग.

एक्केचाळीसबद्दल. एक निरोगी झाड राहिलं तर बागेचं काही बिघडत नाही, हे बागवान म्हणून लिहितो. भाऊ म्हणून काही लिहीत नाही.

रुसायला मला फुरसत नाही. आंबिया बहाराला पाणी चालू आहे. तू आहेस तशीच आम्हांला लाभत राहा.

तुझा,
सूर्या

•

गुडगाव,
७ एप्रिल १९९७

चि. सूर्यकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उद्या पाडवा. केतकी गुढीची काठी शोधते आहे आणि मी टेबलाशी बसून हे लिहिते आहे. बसून, हे लक्षात घे.

सभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या बाकांवर शंभरेक म्हातारे गुडघे छातीशी घेऊन बसले होते. अण्णासाहेबांनी ठराव वाचला. मी उभी राहिले आणि तुझे आकडे वाचले, म्हणजे माझेच. ते म्हणाले की आकडे ठीक आहेत, पण मूळ आराखडा कडेच्या झाडांचा होता, मधली नंतर घुसवली, आणि ती कोणी घुसवली याची आता चौकशी नको. मोठ्या मनाने म्हणाले. मला सुटायला दार उघडून दिलं होतं.

मी ग्राफ पेपर काढून फळ्यावर टाचला. म्हटलं, चौकशी नकोच, सही आहे. अंतर मी कमी केलं. माझ्या भावाने वीस फूट लिहून कळवलं होतं, ते मी वाचलं होतं आणि त्याला पुन्हा विचारलं नाही. माणसांना जागा द्यायची होती, ती मी झाडांच्या जागेतून दिली. माणसं घेतली याचं मला आजही वाईट वाटत नाही. सहा वर्षं गप्प राहिले याचं वाटतं. अण्णासाहेब हळूच म्हणाले की मंजुरीची सही त्यांची होती, आणि नकाशा त्यांनी उघडून पाहिला नव्हता. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी बत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग गुणवंत उठले. म्हणाले, मॅडम, आमची काढा, आम्ही मागून आलो, आम्हांला सवय आहे. सूर्या, मी त्यांना भर सभेत झापलं. म्हटलं, तुमचं झाड जगलं आहे, त्याच्या वतीने बोलायचा तुम्हांला अधिकार नाही, खाली बसा. ते बसले. सगळे हसले आणि मला मात्र रडू आलं, म्हणून मी चष्मा पुसत राहिले.

मतदानाला हात वर होईनात. एकाहत्तरांचे मालक एकमेकांकडे बघत होते आणि उरलेले छत्तीस माझ्याकडे, कारण त्यांची निरोगी होती, माझ्या झाडासारखीच. एक वाचवलं तर छत्तीस मागतील, हे मला बाकावर बसल्या-बसल्याच कळलं होतं. मी म्हटलं की मतदान राहू द्या. शनिवारी सकाळी मी एक्केचाळीस काढते आहे. ज्यांना यायचं त्यांनी या.

शनिवारी गेलो. जयंत रजा काढून आला, मी सांगितलं नव्हतं. करवतवाला माणूस आणला होता, पण पहिला हात मी घातला. फुलांवर मधमाश्या होत्या. करवत लागली तरी त्या उडेनात, दुसऱ्या फांदीवर जाऊन बसायच्या. झाड पडायला चार मिनिटं लागली. लाकूड आतून पांढरंशुभ्र होतं, कुठेही डाग नाही. पाटी काढून जयंतने रुमालात गुंडाळली.

कोणी येईल असं वाटलं नव्हतं. साडेदहाला विजया आली, मग चौघे, मग आणखी. अकराच्या सुमाराला अण्णासाहेब गाडीतून उतरले, सरळ एक नंबरपाशी गेले आणि गाडीच्या किल्लीने बुंधा टोकरला. डिंक बोटाला लागला, तो त्यांनी पानाला पुसला. मग माळ्याला म्हणाले की काढून टाक. आणि मला म्हणाले, गेरू आता बंद. रविवारपर्यंत चोपन्न पडली. राहिलेली या आठवड्यात. दोघा-तिघांनी भांडून ठेवली आहेत, ती मी पुढच्या रविवारी भांडून काढेन.

एक गोष्ट ठरवली नव्हती, ती आपोआप झाली. गुणवंतांचं झाड एक्केचाळीसच्या शेजारच्याच चौकात आहे. जयंत रुमाल घेऊन उभा होता, त्याच्याकडून त्यांनी न विचारता पाटी घेतली आणि आपल्या झाडाला, आपल्या पाटीच्या वर, बांधायला लागले. मी म्हटलं, वर नाही, शेजारी. आणि खिळा नको, सुतळीने बांधा, खोडाला जखम होते. दुपारपर्यंत ज्याचं झाड गेलं तो जवळच्या मधल्या झाडाच्या मालकाला शोधत फिरत होता. आता मधल्या बऱ्याच झाडांवर दोन-दोन नावं आहेत, काहींवर तीन. कोणाचं झाड हे पाहुण्यांना सांगणं अवघड जाणार आहे.

मग मी खुर्ची आणली. एक्केचाळीसच्या जागी खड्डा होता, त्याच्या अलीकडे, गुणवंतांच्या झाडाखाली. चारी पाय जमिनीला टेकले. ऊन पायांपर्यंत येत होतं, सहा वर्षांत त्या मातीने पाहिलं नव्हतं तेवढं. गुणवंत उभेच होते, त्यांना म्हटलं की पुढच्या वेळी तुमचीही खुर्ची आणा.

सुरी केतकीला परत दिली. तिचं पातं पार वाकलं आहे. ती म्हणाली की राहू द्या आई, तुमच्याकडेच ठेवा, बागेला लागेल. ही पोरगी मला वाटते त्यापेक्षा हुशार आहे, आणि तुझ्या पोस्टकार्डावरची टाचणी बदलली आहे हेही माझ्या लक्षात आलं आहे. तिला सांगू नकोस.

तू आणि अहिल्या मे महिन्यात या. उन्हाळा आहे, जनरेटर आहेत, पाणी टँकरने येतं, तरी या. बाबांच्या त्या तुकड्याबद्दल मी तिथे काही बोलणार नाही, तू बोललास तर ऐकेन. खुर्च्या मी आणून ठेवते.

तुझी,
कुमुदताई

ता. क. जागा झाली आहे.